बोल्ट बसला की बसवला?

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत एका बोळात एक जुनी फियाट गाडी उभी असते. तिचे वय चाळीस वर्षांच्या वर आहे. गाडीच्या मालकांना सारा बोळ आप्पा म्हणतो. गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली. वडील गेले, गाडी राहिली. आप्पा तिला घरच्या गाईसारखी जपतात.

एकदा आप्पांच्या आईला जोतिबाला जायचे होते. म्हातारीने ऐंशी वर्षे ओलांडलेली. ती म्हणाली, "मला आपल्या गाडीतनंच ने. तुझ्या वडलांनी पयल्यांदा मला हिच्यातनंच जोतिबाला नेलं हुतं." आप्पांनी गाडी काढली. आम्हीही बरोबर होतो.

केर्लीपर्यंत गाडी छान गेली. तिथून वळून ती डोंगर चढू लागली. चढ वाढला, तसा आप्पांनी जोर वाढवला. तोच पुढून 'खाड्' असा आवाज झाला. मग खरखर सुरू झाली. समोरून पाण्याची वाफ उसळली. मागून एक एसटी येत होती. आप्पांनी गाडी कशीबशी कडेला घेतली. आम्ही उतरून चाकांना दगड लावले.

बॉनेट उघडून पाहिले. इंजिन एका अंगाला कलले होते. त्याचा पंखा समोरच्या रेडिएटरला, म्हणजे पाण्याच्या जाळीला, घासला होता. जाळी फाटली होती. सारे पाणी रस्त्यावर सांडले होते.

आई म्हणाली, "देव कुठं पळून जातोय व्हय? घरला चला." गाडी दोरीने ओढत पेठेत आणली.

एवढे सारे कशामुळे झाले? बोटाएवढ्या एका बोल्टामुळे. त्या बोल्टाची गोष्ट आम्ही सांगणार आहोत. तुमच्याकडे मोटार नसेल. पण विहिरीवर पंप असेल, गुऱ्हाळाचा घाणा असेल, ट्रॅक्टरची ट्रॉली असेल. बोल्ट तिथेही आहेतच.

इंजिनाचे पाय

मोटारीचे इंजिन सांगाड्यावर नुसते ठेवलेले नसते. त्याला पाय असतात. त्यांना माउंटिंग म्हणतात. आपल्याकडचे मिस्त्री 'फाउंडेशन'ही म्हणतात.

एका पायात तीन गोष्टी असतात. एक ब्रॅकेट, म्हणजे लोखंडाचा हात. दुसरे रबर. तिसरे नट-बोल्ट. ब्रॅकेट इंजिनाला धरतो. रबर मध्ये बसून धक्के खाते. बोल्ट साऱ्यांना एकत्र आवळतो.

रबर कशाला? इंजिन चालू असताना थरथरते. मध्ये रबर नसेल तर ती थरथर साऱ्या गाडीत जाते. बोल्ट सैल होतात, पत्रे चिरतात, धुराची नळी तडकते.

आणखी एक गोष्ट आहे. चढावर जोर दिला की इंजिन एका बाजूला उचलू पाहते. म्हणजे पायावर नुसते वजन येत नाही, ओढही येते. वजन दगडही पेलतो. ओढ मात्र बोल्टच पेलतो. म्हणून बोल्ट कच्चा असेल तर तो सपाटीवर निभावतो आणि चढावर दगा देतो. आप्पांच्या गाडीचे हेच झाले.

बोल्ट का निसटला?

पेठेतल्या जुन्या मिस्त्रींनी निसटलेला बोल्ट हातात घेतला. रॉकेलमध्ये बुडवून ब्रशने घासला. उजेडासमोर धरला. मग म्हणाले, "आप्पा, ह्यो बोल्ट बसला न्हवता. बसवला हुता."

दोन्हींत फरक काय?

काही महिन्यांपूर्वी परगावी एका गॅरेजात गाडीचे काम झाले होते. तिथे मूळ बोल्ट हरवला. पोराने डब्यातला दुसरा बोल्ट उचलला. जाडी सारखी दिसली. दोन-तीन फेरे हाताने गेला. पुढे अडला. पोराने पान्याला लांब नळी लावली आणि जोराने फिरवला. बोल्ट आत गेला. वरून पाहिले तर सारे ठीक दिसत होते.

पण आत काय झाले? भोकातले आटे फाटले. गाडीला बोल्ट हवा होता ८ मिलीमीटरचा. पोराने घातला होता ५/१६ इंचाचा. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलीमीटर. दोघांच्या जाडीत केसाएवढाही फरक नाही. डोळ्याला तो दिसत नाही.

फरक आट्यांत असतो. ८ मिलीमीटरच्या साध्या बोल्टाचे दोन आटे एकमेकांपासून सव्वा मिलीमीटरवर असतात. म्हणजे एका इंचात साधारण २० आटे. पोराने घातलेल्या बारीक आट्यांच्या इंची बोल्टाला एका इंचात २४ आटे होते. वीस दातांच्या फणीत चोवीस दातांची फणी अडकवून बघा. पहिले दोन-तीन दात जुळतात. पुढे दातावर दात चढतो.

मापे वेगळी का?

आपल्याकडे पूर्वी शेर आणि मण होते. एका गावचा मण दुसऱ्या गावी चालत नसे. व्यापारी एका मणाने घेई आणि दुसऱ्या मणाने देई. पुढे १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि १९५८ पासून किलो-मीटर येऊ लागले.

बोल्टांचेही असेच होते. पूर्वी ज्याचा त्याचा कारखाना आणि ज्याचे त्याचे आटे. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या कारागिराने १८४१ साली आट्यांचे एक ठरीव माप मांडले. त्याच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा. अमेरिकेत विल्यम सेलर्स याने १८६४ साली दुसरे माप मांडले. त्याचा कोन ६० अंशांचा. युरोपात मिलीमीटरचे माप चालले. १९४८ साली अमेरिका, इंग्लंड आणि कॅनडा यांनी इंची मापाचा एक मेळ घातला. पण तोवर जुन्या मापाच्या गाड्या जगभर पोचल्या होत्या.

आपल्या रस्त्यांवर या साऱ्या घराण्यांच्या गाड्या आल्या. फियाट मूळची इटलीची. तिचे माप मिलीमीटरचे. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात ती तयार होई. पुढे तिचेच नाव पद्मिनी झाले. २००१ च्या सुमारास ती बनणे थांबले. मुंबईच्या टॅक्सीतूनही ती २०२३ साली गेली. ॲम्बॅसडर मूळची इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली. जुन्या ॲम्बॅसडरला इंची बोल्ट फार. तीही २०१४ साली बंद झाली. जुनी जीप अमेरिकेच्या घडणीची. तिचेही माप इंची.

म्हणून जुन्या गाडीचा बोल्ट घेण्याआधी पहिला प्रश्न हा विचारावा: ही गाडी कोणत्या घराण्याची? मिलीमीटरची की इंचाची?

बोल्टाच्या डोक्यावर काय लिहिले आहे?

मिस्त्रींनी मग आम्हाला दोन बोल्ट दाखवले. दोन्ही ८ मिलीमीटरचे. दोन्हींचे आटे सारखे. ते म्हणाले, "आता ह्यातला घाटाचा कुठला आणि फळीचा कुठला, सांगा." आम्हाला सांगता येईना. मग त्यांनी बोल्टांची डोकी पुसली. एकावर ८.८ असे अंक होते. दुसऱ्यावर ४.६ होते.

हे अंक म्हणजे बोल्टाची ताकद. पहिला अंक जितका मोठा, तितका बोल्ट चिवट. ८ मिलीमीटर जाडीचा ४.६ चा बोल्ट सुमारे दीड टन ओढीला तुटतो. तेवढ्याच जाडीचा ८.८ चा बोल्ट सुमारे तीन टनांना तुटतो. दिसायला जुळे भाऊ, पण एकाची ताकद दुसऱ्याच्या दुप्पट.

इंची बोल्टावर असे अंक नसतात. तिथे बहुधा रेघा असतात. डोक्यावर तीन रेघा म्हणजे मध्यम चिवट. सहा रेघा म्हणजे फार चिवट. काहीच खूण नसेल तर तो बोल्ट साधा समजावा. त्याने फळी ठोकावी, इंजिन धरू नये.

बोल्टावरचे अंक इंग्रजी असतात. ते ओळखायला सोपे आहेत. इंग्रजी आठ म्हणजे एकावर एक ठेवलेली दोन वर्तुळे. घरातल्या कॅलेंडरवर किंवा एसटीच्या पाटीवर हा आकडा तुम्ही रोज पाहता. तो बोल्टाच्या डोक्यावर शोधा. आप्पांच्या गाडीत बोल्ट घालणारे पोर हाताने हुशार होते. पण डोक्यावर काही लिहिलेले असते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

नमुना घेऊन उद्यमनगरात

दुसऱ्या दिवशी आप्पा आणि आम्ही पेठेतून निघालो. मंगळवार पेठ ओलांडून शिवाजी उद्यमनगरात गेलो. तिथे लेथ, वेल्डिंग आणि ओतकाम यांची दुकाने दाटीने आहेत. कोल्हापुरात उसाच्या मळ्यांना पाणी द्यायला ऑइल इंजिने लागत. ती दुरुस्त करता करता इथले कारागीर ती स्वतः बनवू लागले. पुढे शिरोली आणि गोकुळ शिरगाव इथे मोठ्या वसाहती झाल्या. आज कोल्हापूरचे ओतकाम दूरदूर जाते.

निघताना मिस्त्रींनी बजावले होते, "तोंडानं माप सांगू नगा. नमुना घिऊन जावा." नमुना म्हणजे गाडीच्या दुसऱ्या बाजूचा शाबूत बोल्ट. एका बाजूचा बोल्ट हरवला तरी दुसऱ्या बाजूचा साक्षीला असतो.

दुकानात नवा बोल्ट पारखायची रीत अशी. जुना आणि नवा बोल्ट आट्याला आटा लावून शेजारी धरायचे. मागे उजेड ठेवायचा. मधून उजेड न दिसता दात दातांत बसले तर माप जुळले. थोडे पुढे जाऊन फट पडली तर माप वेगळे.

मग जुना नट नव्या बोल्टावर हाताने फिरवायचा. पाना लावायचा नाही. नट दोन बोटांनी शेवटपर्यंत गेला पाहिजे. अडला तर बोल्ट परत करायचा. जोर करायचा नाही.

लांबीही पाहायची. नट आवळल्यावर बोल्टाचे दोन आटे बाहेर दिसावेत. बोल्ट आखूड असेल तर नटाला पुरती पकड मिळत नाही. बंद भोकात फार लांब बोल्ट घातला तर तो तळाला टेकतो. आपल्याला वाटते आवळला, पण आत ब्रॅकेट सैलच राहतो.

आता फाटलेल्या भोकाचे काय? लेथवाल्याने भोक साडेआठ मिलीमीटरचे केले. त्यात टॅप फिरवून १० मिलीमीटरचे नवे आटे पाडले. मग १० मिलीमीटरचा ८.८ चा बोल्ट बसवला. ब्रॅकेटाचे भोकही तेवढेच मोठे केले. कडेला धातू पुरेसा आहे का, हे त्याने आधी मोजले. भोकाची कड पातळ राहिली असती तर हा उपाय चालला नसता.

रबराची तोड

जुने रबर तेल पिऊन फुगले होते. साध्या रबराला तेल लागले की ते मऊ पडते आणि फाटते. आम्ही चार दुकाने फिरलो. या गाडीचे रबर मिळाले नाही.

एक दुकानदार म्हणाला, "ट्रकच्या टायरचा तुकडा कापून घाला." हे अर्धे खरे आणि अर्धे खोटे आहे. टायरचा तुकडा वजन पेलतो. पण मूळ रबर दोन लोखंडी पट्ट्यांना कारखान्यात चिकटवलेले असते. म्हणून ते ओढही सोसते. नुसता तुकडा ओढ सोसत नाही. इंजिन उचलले की तो मोकळा होतो.

मिस्त्रींनी तोड काढली. जाड रबराच्या दोन चकत्या घेतल्या. एक ब्रॅकेटाच्या खाली, एक वर. ब्रॅकेटाचे भोक मोठे करून दोन्ही चकत्यांमधून एक लोखंडी नळी घातली. नळीतून लांब बोल्ट घातला. वर आणि खाली रुंद वॉशर लावले. आता इंजिन खाली दाबले तर खालची चकती दाब घेते. वर उचलले तर वरची घेते. बोल्ट आवळला की तो नळीवर आवळतो, त्यामुळे रबर चेंगरत नाही. आणि उद्या रबर फाटले तरी रुंद वॉशर इंजिनाला सुटू देत नाही.

दोन गोष्टी त्यांनी नीट मोजल्या. एक, रबराची उंची. ती कमी-जास्त झाली तर इंजिन तिरके बसते आणि पंखा पुन्हा जाळीला लागतो. दुसरी, रबराचा कडकपणा. शाबूत बाजूच्या रबरात नख दाबून पाहिले. नव्यातही दाबून पाहिले. दोन्ही सारखे दबले, तेव्हाच चकत्या घेतल्या.

ब्रॅकेट मोडला तर?

आप्पांचा ब्रॅकेट शाबूत होता. पण तो मोडतोही. तेव्हा आधी ओळखावे की तो पोलादाचा आहे की बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. ड्रिल मारून पाहावे. पोलादाची कुरळी तार निघते. बिडाची पूड पडते.

पोलादी पट्टीचा ब्रॅकेट असेल तर तेवढ्याच जाडीच्या पट्टीचा नवा करता येतो. बिडाला मात्र साध्या वेल्डिंगने जोडू नये. जोडाच्या शेजारी ते पुन्हा तडकते. त्याला वेगळी कांडी लागते. आधी तापवावे आणि मग सावकाश निववावे लागते. ते काम जाणत्याकडेच द्यावे.

मोडका ब्रॅकेट जोडून त्याचाच साचा करावा आणि नवा ओतून घ्यावा, असेही सुचते. पण ओतलेले बीड निवताना आखडते. शंभर भागांत सुमारे एक भाग कमी होतो. म्हणून साचा तेवढा मोठा करावा लागतो. नाहीतर नवा ब्रॅकेट थोडा लहान निघतो आणि भोके जुळत नाहीत. मग पुन्हा कोणीतरी जोराने बोल्ट 'बसवतो'.

कोल्हापूरची रीत

मिळत नाही ते करून घ्यायचे, ही रीत आमच्या शहराला नवी नाही. बाबूराव पेंटर हे कोल्हापूरचे चित्रकार. त्यांना सिनेमा काढायचा होता. विलायती कॅमेरा सहज मिळेना. तेव्हा १९१८ च्या सुमारास त्यांनी विष्णुपंत दामले यांच्या मदतीने कॅमेराच तयार केला. पुढे १९२० साली त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' हा चित्रपट आला.

दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती घराण्याची मेबॅक गाडी तुम्ही पाहिली असेल. ती जर्मनीची. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. अशा गाडीचे सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत. एवढी जुनी गाडी चालती ठेवायची तर जपणारा मालक आणि मोजून काम करणारा हात, दोन्ही लागतात.

बाबूरावांचा कॅमेरा काही अंदाजाने चालला नसेल. फिल्मच्या कडेची भोके आणि कॅमेऱ्याचे दात जुळल्याशिवाय फिल्म पुढे सरकत नाही. तोड काढणे वेगळे आणि दडपून देणे वेगळे.

इथे तोड काढू नये

काही जागी घरगुती तोड चालतच नाही. स्टिअरिंगचे बोल्ट, ब्रेकचे बोल्ट, चाकांचे नट आणि चाकाला धरणारे सांधे. इथे ठरलेल्या मापाचा आणि ताकदीचा भागच घालावा. तो मिळेपर्यंत गाडी उभी ठेवावी. गाडी दारात उभी राहिली तर पैसे अडकतात. घाटात स्टिअरिंग सुटले तर माणसे जातात.

दिवा, आरसा, पत्रा, बॅटरीची पट्टी, इथे तोड चालते. इंजिनाचा पाय या दोन्हींच्या मधला आहे. तिथे तोड चालते, पण मापाची आणि जाणत्याच्या हातची.

आपल्या कामाचे

पंपाचे, घाण्याचे, मळणी यंत्राचे बोल्टही असेच असतात. म्हणून एवढे करा.

जुना बोल्ट फेकू नका. दोऱ्यात ओवून ठेवा. उद्या तोच नमुना.

मिलीमीटरचे आणि इंची बोल्ट एका डब्यात टाकू नका. दोन डबे करा. वर नावे लिहा.

गंजलेल्या बोल्टावर जोर करू नका. डिझेल आणि तेल सोडा. रात्रभर भिजू द्या.

नट आधी हाताने फिरवा. पाना शेवटी लावा. पान्याला नळी लावून लांबी वाढवू नका. ८ मिलीमीटरच्या ८.८ बोल्टाला २० सेंटीमीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण १२ किलोचा जोर पुरतो.

नवा बोल्ट घातल्यावर थोडे काम झाले की तो पुन्हा तपासा. गाडी असेल तर शंभर किलोमीटरच्या आत पाहा.

आणि बोल्टाचे डोके पुसून त्यावरचे अंक वाचा. दुकानदार चिवट बोल्टाचे पैसे घेईल आणि साधा देईल, तर तुम्हाला कळले पाहिजे. वाचता येऊ लागल्यावर आता कोणी तुम्हाला फसवायचे कारण नाही.

जाळी दुरुस्त झाली. इंजिन सरळ बसले. पुढच्या रविवारी आप्पांनी आधी एकट्याने पन्हाळ्याच्या चढाला गाडी घालून पाहिली. घरी येऊन बोल्ट तपासला. तो जागचा हलला नव्हता. मग आईला घेऊन आम्ही पुन्हा निघालो. केर्लीच्या वळणाला आप्पा गप्प झाले. चढ लागला. गाडी एका सुरात चढत राहिली. आईने खिडकीतून वर पाहिले आणि हात जोडले.

देवाला की मिस्त्रींना, ते आम्ही विचारले नाही.